मनोजकुमार पांडे स्वतःच बंकरवर का चालून गेले?

तुम्ही विचारलंय, की कारगिल युद्धात हाताखाली अख्खी प्लाटून (तीसेक जवानांची तुकडी) असताना परमवीर चक्र मिळालेले पांडे स्वतः शत्रूच्या बंकरवर का धावले, हा आततायीपणा नव्हता का? प्रश्न रास्त आहे, पण त्या रात्री हातात किती वेळ होता हे आधी बघा.

पांडेंची पलटण, १/११ गोरखा रायफल्स, सियाचीनची दीड वर्षं संपवून पुण्याला यायची होती. पुढची तुकडी पुण्यात पोचलीसुद्धा होती. (पांडे खडकवासल्याच्या एनडीएचे, म्हणजे पुणं ओळखीचंच.) तेवढ्यात कारगिल पेटलं आणि पलटण कारगिलजवळच्या बटालिकला वळली.

१९९९ च्या जुलैची २ आणि ३ तारखेमधली रात्र. पाच हजार मीटरच्या आसपासचं खालुबार शिखर चढताना आजूबाजूच्या उंचवट्यांवरून मारा सुरू झाला आणि बटालियन अडकली. अशा जागी उजाडलं की संपलंच. वरचा माणूस निवांत एकेकाला टिपतो. तो मारा पहाटेच्या आत बंद करायचं काम पांडेंच्या प्लाटूनवर आलं. पायदळात प्लाटून कमांडर मागे थांबून हुकूम सोडत नसतो. अंधारात, कड्यावर, तीसेक माणसं त्याच्याकडे बघूनच हलतात.

आणि 'एकटेच गेले' हेही खरं नाही. त्यांनी एक सेक्शन (प्लाटूनमधली छोटी तुकडी) उजवीकडून पाठवला आणि डावी बाजू स्वतः घेतली. पहिल्या बंकरमधले दोघे मारले, दुसऱ्यातले आणखी दोघे. तिसऱ्यावर खांद्याला आणि पायांना गोळ्या लागल्या. इथे थांबले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. ते जवानांना हाका देत चौथ्यावर गेले, ग्रेनेड टाकून तोही उडवला आणि त्याच वेळी मशीनगनची फैर कपाळावर बसली. शेवटचे शब्द 'ना छोडनू' होते असं सांगतात, नेपाळीत 'सोडू नका'. गोरख्यांनी सोडलं नाही, खालुबार घेतलं.

वय २४ वर्षं आणि आठ दिवस. वाढदिवस २५ जूनचा, तोही त्याच डोंगरांत गेला.

दुसरा प्रश्न हुद्द्याचा, लेफ्टनंट की कॅप्टन. परमवीर चक्राच्या मानपत्रात 'लेफ्टनंट' आहे. लखनौच्या त्यांच्या सैनिक शाळेच्या आताच्या नावात 'कॅप्टन'. त्यामुळे दोन्ही वाचायला मिळतं. मी मानपत्रातलं लिहितो.