मासेमारीत बायांचं काम: मच्छीमार संस्थेत सभासद व्हा, मग बाकीचं

ताई, तुम्ही विचारलं की मासेमारीत बाया बाजारात विकण्याशिवाय करतात काय, आणि बचत गटाला त्यात काही जमेल काय. मी ढिवराघरची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातली, गोंदियाकडची, तलावाच्या पाळीवरच वाढली, म्हणून जरा लांब लिहिते.

जाळं माणसं टाकतात, पण मासळी पाळीवर आली की पुढचं सगळं बायांकडे. पहिले निवडणं. मरळ, वाघूर वेगळे काढून घमेल्यात थोडं पाणी घालून वरून ओलं पोतं टाकतात, कारण हे मासे वरची हवा घेऊन जगतात, बाजारापर्यंत जिवंत राहतात आणि जिवंत मरळीचा भाव मेलेलीपेक्षा कितीतरी जास्त. रोहू-कतला तसे टिकत नाहीत, ते पहिले विकून काढायचे नाहीतर बर्फ लावायचा, आन मे महिन्यात आपल्याकडं बर्फ किती वेळ टिकते ते तुम्हाला माहीतच आहे. मग कोणतं टोपलं कोणत्या गावाला न्यायचं, उधारी कोणाला द्यायची, उरलेले बारीक मासे अन् झिंगे वाळत घालायचे, हा सगळा हिशोब बाईच्या डोक्यात असते. एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न अन् शेती संघटनेचा, 2022 चा अहवाल सांगते की मासे पकडणं अन् पाळणं एवढंच मोजलं तर जगात बाया 21 टक्के, पण आधीचं-नंतरचं काम धरलं तर जवळपास निम्म्या!

दुसरं म्हणजे तलाव. आपल्या भंडारा-गोंदियातल्या कितीतरी मामा (माजी मालगुजारी) तलावांत बेशरम नावाचं तण माजलं आहे. भर उन्हाळ्यात पाणी आटलं की ते मुळापासून काढायचं आणि गाळात पाणवनस्पती लावायची, हे काम इकडच्या काही गावांत बायांनीच केलं. रोहू-कतला साचल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, दरवर्षी विकत आणून सोडावी लागते. गावरान मासळी मात्र तलावातच वाढते, फक्त तिला लपायला, अंडी द्यायला वनस्पती पाहिजे.

एवढं करूनही गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासद यादीत नावं माणसांचीच, मले याचाच खूप राग येते. तलावाचा ठेका संस्थेच्या नावानं, मग माशांचं बीज किती सोडायचं, भाव काय धरायचा ते ठरवणारे पण तेच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, गट काढायच्या आधी गावच्या मच्छीमार संस्थेची यादी पहा आणि मासळीचं काम करणाऱ्या बायांचे सभासदत्वाचे अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तोंडी बोलण्यावर जाऊ नका. संचालक मंडळात बायांसाठी 2 जागा राखीव असतात, त्यावर खरंच काम करणारी बाई बसली पाहिजे, नुसती सहीपुरती नको.

पैशाचं म्हणाल तर 2020 च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बायांना प्रकल्प खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला 40 टक्के. जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात जाऊन आता काय चालू आहे ते विचारा, अन् सुरुवातीला मोठं काही मागू नका, बर्फाची पेटी, वजनकाटा आणि मासे वाळवायला जमिनीपासून उंच जाळीचे मांडव, एवढं झालं तरी पहिल्याच हंगामात फरक दिसते.