खिडकीबाहेरचा वर्तमानकाळ

“मॅडम, इंग्रजी कळतं हो मला. वाचता येतं, समोरचा बोलला तर समजतं. पण बोलायला गेले की काळ चुकतो, आणि एकदा चुकला की पुढे जीभच उचलत नाही.”

मी समुपदेशक, तरी हे गाऱ्हाणं माझ्याकडे अनेक तोंडांनी येतं. बढतीची मुलाखत टाळत राहिलेला बँकेतला कारकून, पहिल्याच नोकरीत मीटिंगमध्ये गप्प बसणारी इंजिनिअर मुलगी, मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या सत्तरीच्या आजी. आणि कुणाला वाटणारही नाही असे, स्वतः इंग्रजी शिकवणारे शिक्षक. आज त्यांच्यातल्याच एकीबद्दल लिहितेय, कारण बाकी सगळ्यांना मी आता जे सांगते त्यातलं निम्मं मला त्यांच्यासोबत बसून सापडलं. ओळख पटेल असे तपशील बदललेत. शाळेत मुलं त्यांना ‘बाई’ म्हणतात, मीही तेच म्हणायचे.

बाई खरं तर इंग्रजीसाठी आल्याच नव्हत्या. रविवारी रात्री झोप लागत नाही, पहाटे छातीत धडधडतं, डॉक्टरांनी तपासण्या करून ‘काही नाही’ सांगितलं, म्हणून आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवायच्या. पहिल्या दोन-तीन भेटी सासूबाईंचं आजारपण आणि मुलीची बारावी यांतच गेल्या. मग एकदा सहज म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात पुन्हा प्रशिक्षण लागलंय,” आणि हातातला रुमाल पिळायला लागल्या.

चार वर्षांपूर्वीच्या एका प्रशिक्षणात प्रत्येकाला उभं करून इंग्रजीतून ओळख करून द्यायला सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, ‘आय ॲम टीचिंग सिन्स फोर्टीन इयर्स.’ समोरच्या तज्ज्ञांनी तिथेच थांबवलं, वाक्य फळ्यावर लिहिलं, खाली रेघ ओढली आणि विचारलं, “इंग्रजीच्या शिक्षिका ना तुम्ही?” सभागृह हसलं.

“मी पण हसले, मॅडम. सगळ्यांत जास्त मीच हसले.”

त्या दिवसापासून वर्गात पुस्तकात छापलंय तेवढंच इंग्रजी. फळ्यावर काळांचं कोष्टक: साधा वर्तमान, अपूर्ण वर्तमान, पूर्ण वर्तमान, शेजारी मराठी वाक्य, शेजारी इंग्रजी. “कोष्टक मुलांना झोपेतही म्हणता येतं. पण ‘व्हॉट आर यू डूइंग’ विचारलं की वर्ग चिडीचूप.”

समुपदेशनातली माझी बैठक विवेकनिष्ठ विचारांची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ही पद्धत मांडायला सुरुवात केली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती रुजवली. त्यात माणसाला काय घडलं यापेक्षा, त्या घडण्याबद्दल तो स्वतःला काय बजावत राहतो याकडे आधी पाहायचं असतं. बाईंना विचारलं, रविवारी रात्री मनात नेमकं कोणतं वाक्य असतं? बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, “इंग्रजी शिकवणाऱ्या बाईचं इंग्रजी चुकताच कामा नये.”

मी ते कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवलं आणि ‘चुकताच’मधल्या ‘च’भोवती गोल केला. त्या एका ‘च’वर आम्ही दोन भेटी घालवल्या. चुकू नये असं वाटणं ही इच्छा आहे, चांगली इच्छा आहे. ‘च’ आला की तिचा हुकूम होतो, आणि हुकूम मोडला की शिक्षा आलीच. बाई रोज स्वतःला ती शिक्षा देत होत्या, आणि मुलं ती बघत होती. बाई घाबरतात म्हणजे हे प्रकरण घाबरण्यासारखं आहे, हा धडा मुलं कोष्टकाच्या आधी शिकतात. गप्प वर्गाबद्दल शिक्षक माझ्याकडे तक्रार करतात तेव्हा मी हल्ली पहिला प्रश्न हाच विचारते: तुम्ही स्वतः वर्गात पुस्तकाबाहेरचं इंग्रजी शेवटचं कधी बोललात?

पण नुसता हुकूम सैल करून भागलं नाही. बाई चिवट होत्या. “ठीक आहे मॅडम, चुकलं तरी चालेल. पण चुकतं का? इतकी वर्षं शिकवूनही का?” हा प्रश्न मला टाळता आला असता, कारण व्याकरण हे समुपदेशकाचं काम नव्हे. मात्र या कामाकडे वळण्याआधी मी सात वर्षं भाषा शिकवली होती, आणि मला वाटलं, या बाईंना धीराइतकीच कारणाची गरज आहे.

माझ्या खोलीच्या खिडकीतून समोरचा इस्त्रीवाला दिसतो. मी म्हटलं, “खिडकीबाहेर काय दिसतं ते सांगा. आधी मराठीत.”

बाई सांगू लागल्या. “तो इस्त्री करतोय. निळा शर्ट घातलाय त्याने. त्याची मुलगी बाकावर बसली आहे. सकाळपासून काम करतोय वाटतं, गठ्ठा बराच झालाय.”

“आता इंग्रजीत.”

पहिलं वाक्य पटकन आलं, ‘ही इज आयर्निंग.’ शर्टाचं त्यांनी सोडून दिलं. मुलीपाशी आल्या. “बसली आहे... पूर्ण वर्तमान. शी हॅज सॅट ऑन द...” आणि थांबल्या. कपाळाला आठी पडली. “नाही. शी इज सिटिंग ऑन द बेंच.”

“कशावरून?”

“कानाला ते बरोबर लागतंय.”

“आणि कोष्टकात?”

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. मुलगी पाय हलवत होती, गुडघ्यावर वही होती. बाई पुटपुटत एकेक वाक्य लावून बघू लागल्या. बसली आहे, इज सिटिंग. झोपली आहे, इज स्लीपिंग. शर्ट घातलाय, इज वेअरिंग. साडी नेसली आहे, तेही इज वेअरिंग. मराठीत सगळे पूर्ण वर्तमान, इंग्रजीत सगळे चालू. मग उलटं. सकाळपासून करतोय, मराठीत चालू. इंग्रजीत मात्र ‘ही हॅज बीन आयर्निंग सिन्स मॉर्निंग’. इथे त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“म्हणजे चौदा वर्षांपासून शिकवतेय... ‘शिकवतेय’ म्हणून मी ‘ॲम टीचिंग’ म्हटलं.”

“हो.”

“म्हणजे मराठीत मी बरोबरच बोलले होते.”

मी काही बोलले नाही. डोळे पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, “कोष्टक चुकतंय, मॅडम. मी नाही.”

इतक्या वर्षांत असे क्षण मी मोजकेच पाहिलेत, आणि त्या दुपारी मी खिडकीकडे बोट दाखवलं याचं मला आजही समाधान आहे. चार वर्षं ज्या चुकीला त्या मूर्खपणा समजत होत्या, ती त्यांच्या मराठीची शिस्त निघाली. पिट कॉर्डर या भाषाभ्यासकाने १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की शिकणाऱ्याच्या चुका त्याच्या मनातले नियम दाखवतात. पण ते वाचणं वेगळं आणि एका माणसाच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना बघणं वेगळं.

म्हणून ज्यांची हीच काळजी आहे त्यांना सांगते. दोन्ही भाषांतल्या काळांची नावं सारखी आहेत, हद्दी सारख्या नाहीत. ‘मला कळत नाहीये, मला आठवत नाहीये’ हे आपण सर्रास म्हणतो, म्हणून तोंडून ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ निघतं. इंग्रजी मात्र कळणं, माहीत असणं, आठवणं अशा मनातल्या गोष्टी साध्या वर्तमानातच ठेवते, ‘आय डोन्ट अंडरस्टँड’. ‘मी त्याला काल भेटलोय’ मराठीत चालतं. इंग्रजीत ‘काल’ आला की ‘हॅव’ निघून जातो. त्यामुळे वाक्याचं मराठी रूप बघून काळ ठरवू नका, मनातला अर्थ बघा. हे नेहमीचं आहे? आत्ता डोळ्यांपुढे दिसतंय? की मागे कधी सुरू झालं आणि आत्तापर्यंत चालत आलंय? बोलताना एवढं विचारायला वेळ नसतो हे खरं, म्हणून ते आधी खिडकीत बसून करायचं. दिवसातून पाच मिनिटं, मोठ्याने, समोर जे दिसेल त्यावर. गॅलरी असो, बसची खिडकी असो.

शिक्षकांसाठी आणखी एक. ‘नाऊ दिसलं की आयएनजी लावा, एव्हरी डे दिसलं की एस लावा’ ही युक्ती रिकाम्या जागा भरायला उपयोगी आहे, मार्कही मिळतात. पण बोलताना कुणी वाक्याला ‘नाऊ’ची खूण बांधून देत नाही. मूल बोलत असताना मध्ये थांबवू नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या, मग तेच वाक्य बरोबर रूपात आपण सहज म्हणा. फळ्यावर त्याच्या चुकीखाली रेघ ओढू नका. ती रेघ कुठवर जाते हे मी पाहिलंय.

बाईंना मी गृहपाठ दिला: वर्गात मुद्दाम एक वाक्य चुकीचं बोलायचं आणि चूक मुलांना शोधायला लावायची. दोन आठवडे जमलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या आल्या त्या वेगळ्याच उत्साहात. ‘शी डझन्ट गोज’ असं त्यांनी मुद्दाम फळ्यावर लिहिलं होतं. ही आपल्याकडची जुनी चूक, कितीही वेळा सुधारा, परत येते. बाईंनी शेजारी मराठी लिहिलं, ते जातात, ते जात नाहीत. आणि विचारलं, काय दिसतं? सहावीतली एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, जातातमधला शेवटचा त उडून नाहीतला चिकटला.”

बाई हे मला सांगताना खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. तू जातोस, तू जात नाहीस: ‘स’ पळून नाहीकडे गेला. इंग्रजीत गोजचा एस निघून डझकडे गेला, म्हणून मागे नुसतं गो उरलं. तीच चाल. “आम्ही मराठीला वर्गाबाहेर उभं करत होतो, मॅडम, आणि उत्तर तिच्याकडे होतं.” हे मला भाषा शिकवायच्या सात वर्षांतही दिसलं नव्हतं. मी ते त्याच दिवशी वहीत लिहून घेतलं, आणि आता जो शिक्षक येतो त्याला सांगते.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. बाई त्याआधीच्या, त्यांना एबीसीडी पाचवीत भेटली. त्यांच्या पिढीतले कितीतरी शिक्षक आज पहिलीच्या मुलांना जी भाषा शिकवताहेत, ती भाषा स्वतः बोलायची संधी त्यांना कधी मिळालेली नाही. त्यांना परीक्षकाची नजर भरपूर मिळाली, सोबत मिळाली नाही. धोरण ठरवणाऱ्यांनी या माणसांच्या रविवारच्या रात्रींचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

प्रशिक्षण झालं. बाई उभ्या राहिल्या, ‘आय हॅव बीन टीचिंग फॉर एटीन इयर्स’ म्हणाल्या, आणि पुढच्याच वाक्यात ‘आय ॲम हॅविंग वन डॉटर’ निघून गेलं. लक्षात आलं तेव्हा मान गरम झाली, पण त्या खाली बसल्या नाहीत. मुलीला काय आवडतं, ती काय शिकतेय, तेही सांगून मग बसल्या. त्या रात्री झोप लागली का, हे मी विचारलं. “लागली. मध्ये एकदा जाग आली, पण लागली.”

शेवटच्या भेटीत दाराशी चपला घालताना त्या म्हणाल्या, “येते, मॅडम.” आणि एक पाय चपलेत तसाच ठेवून वळल्या. “हे ‘येते’ इंग्रजीत कुठे जाईल हो? निघालेय तर मी.”

“तुम्हीच सांगा.”

त्यांनी क्षणभर विचार केला. “उद्या वर्गालाच विचारते.”