छिन्नमनस्कता : छेद नेमका कशाचा?

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारलंय : 'स्किझोफ्रेनिया'ला 'दुभंग व्यक्तिमत्त्व' म्हटलं तर चालेल का, आणि उच्चार 'स्कि' की 'सि'?

उच्चार 'स्कि'. आणि 'दुभंग व्यक्तिमत्त्व' अजिबात चालणार नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये सारखं कानावर येतं, "आमचे साहेब सकाळी एक बोलतात, संध्याकाळी दुसरंच. पक्के स्किझोफ्रेनिक! ठाण्याला पाठवा." अहो, अशा साहेबांना मराठीत दुटप्पी म्हणतात. आणि एका देहात दोन माणसं वावरणं हा निराळाच विकार. स्किझोफ्रेनियात नसलेले आवाज ऐकू येतात, भलते संशय घट्ट बसतात, बोलण्याचा धागा सुटतो. माणूस एकच असतो.

हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांचं, १९०८ सालचं. ग्रीक 'स्खिझो' म्हणजे चिरणे. आता खरी मौज! हा 'स्खिझो' आणि संस्कृत 'छिद्' सख्खी भावंडं आहेत. मूळ धातू एकच; तिकडे 'स्ख' राहिला, इकडे 'छ' झाला. छेद, छिद्र, विच्छेद, छिन्न, सगळा त्याचाच गोतावळा. म्हणूनच स्किझोफ्रेनियासाठीच्या 'छिन्नमनस्कता' या मराठी शब्दाला पुस्तकी म्हणून नाकं मुरडणाऱ्या विद्वानांशी माझं भांडण आहे. 'मनोविदलता' सुचवणाऱ्यांनी तर द्विदल आठवावं : डाळीच्या दाण्याचे दोन सारखे भाग. म्हणजे पुन्हा तोच गैरसमज!

'मनस्'बद्दल मात्र माझीही तक्रार आहे. ग्रीक 'फ्रेन' म्हणजे मुळात छाती आणि पोट यांमधला पडदा. मन तिथे वसतं, अशी त्यांची समजूत. त्या पडद्याकडे जाणाऱ्या नसेला डॉक्टर आजही 'फ्रेनिक' म्हणतात. आपणही गुपित पोटातच ठेवतो, चुका पोटातच घालतो. ते सगळं 'मनस्'मध्ये निसटलं.

पण 'छिन्न' मी सोडणार नाही, कारण जीवशास्त्रही त्याच्या बाजूने बोलू लागलंय. वाढत्या वयात मेंदू पेशींमधल्या जादा जोडण्या छाटून टाकतो. सी४ जनुकाचे काही प्रकार असलेल्यांना या आजाराचा धोका थोडा अधिक असतो, असं २०१६ साली 'नेचर'मध्ये आलं. उंदरांमध्ये हेच जनुक छाटणीला हातभार लावताना दिसलं. म्हणजे छेद आहे, पण जोडण्यांचा! अर्थात सी४ एकटं गुन्हेगार नाही, कितीतरी जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. आणि १९५०च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं तेव्हापासून या आजारावरची बहुतेक औषधं डोपामिनला, म्हणजे मेंदूतल्या एका निरोप्या रसायनाला, अटकाव करतात. त्यांनी भास-संशय आटोक्यात येतात. आटलेला उत्साह त्या मानाने फारसा परतत नाही. छाटणीला आवर घालणारं औषध अजून यायचंय.