बोअरचं पाणी आणि गिझर

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. १५ लिटरच्या गिझरमध्ये पाणी पूर्वीपेक्षा उशिरा तापतं, आतून कडकड आवाजही येतो. नवीन घ्यावा का? – एक वाचक, लातूर

उत्तर: एवढ्यात नको. मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. तापलं की त्यातला चुना कॉइलवर थर धरतो. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तोच हा आवाज. कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी जळते.

अशा पाण्यावर वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, गिझर उघडाच. आधी एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) बंद. नुसतं बटण पुरत नाही. पाणी गार होऊ द्या, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून टाकी रिकामी करा. टेस्टरने वीज नसल्याची खात्री झाल्यावरच वायरी सोडवा, त्याआधी त्यांचा फोटो काढा. कॉइल बाहेर काढून लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात, लिटरला साधारण ५० ग्रॅम, तासभर बुडवा; फक्त तारांची टोकं कोरडी राहू द्या. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका आणि फरशीचं ॲसिड तर मुळीच नको, ते धातू खातं.

टाकीतली मॅग्नेशियमची कांडीही पाहा. टाकीऐवजी ती स्वतः झिजते, म्हणून निम्म्याहून बारीक झाली की बदला. ती संपली की गंज टाकीला लागतो. रबरी गॅस्केट, म्हणजे सांध्यातून पाणी गळू न देणारी चकती, मात्र दर वेळी नवं. गरम नळातून अखंड धार आल्याशिवाय वीज सुरू करू नका, कोरडी कॉइल लगेच जळते. थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवलात तर चुनाही कमी धरेल. वायरिंगची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.