कोकणात जमीन आणि खाडी राखणाऱ्यांना शहरातून पाठबळ कसं द्यावं?

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रेलियात मूळनिवासी समाजांकडे जमीन आणि समुद्राची राखण सोपवतात, त्याला हवामान न्याय म्हणतात, म्हणजे ज्यांनी हवा बिघडवली नाही त्यांच्यावर तिचा भार पडू नये, तसं आपल्या कोकणात काही आहे का. आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाने त्याला हातभार लावायचा तर नेमकं काय करायचं. मी अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातला. आमची भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, मधे फक्त मातीचा बांध. त्यामुळे मला या प्रश्नाचं उत्तर बांधावरूनच देता येतं.

सुरुवात माशापासून करतो. आमच्याकडे घराच्या जोत्यासाठी माती काढली की जो खड्डा होतो त्याचा तलाव होतो. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं पकडून त्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं वाढवायची. घरी जावई आला, व्याही आले की जिताडा निघतो. हाच मासा ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून ओळखला जातो, आणि तुम्ही ज्या राखणीबद्दल वाचलंत तिच्या इतिहासात त्याचं मोठं स्थान आहे.

उत्तर ऑस्ट्रेलियात आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर योलंगू लोक राहतात. 1996 साली त्यांच्यातले एक पुढारी जाम्बावा मराविली यांना आपल्या पवित्र जागी बारामुंडी पकडणाऱ्यांचा चोरटा तळ सापडला. तिथे मगरीचं तोडलेलं मुंडकं टाकलेलं होतं. मगर त्यांच्या कुळाची पूर्वज मानलेली, म्हणजे आपल्या ग्रामदैवताच्या राईत कोणी असं करावं तसं ते झालं. त्यांनी काय केलं पाहा: झाडाच्या सालींवर आपापल्या कुळाच्या समुद्राची चित्रं काढली. कुठली खाडी कोणाची, कुठलं पाणी कुठल्या पाण्याला मिळतं, हे सगळं त्या चित्रांत होतं. तो त्यांचा सात-बाराच म्हणायचा. मग कोर्टात गेले, आणि 30 जुलै 2008 ला तिथल्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की मूळनिवासींच्या जमिनीला लागून असलेल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर मासेमारी करायची तर परवाना असला तरी त्यांची परवानगी लागेल. नॉर्दर्न टेरिटरी या त्या प्रांताच्या सुमारे 80 टक्के किनाऱ्याला हा निकाल लागू पडतो.

मी हे लांबण लावून सांगतोय, कारण पैसा आणि प्रकल्प ही पुढची गोष्ट आहे. आधी ‘इथे विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही’ एवढं कागदावर आलं. पश्चिम आर्नहेममध्ये 2006 पासून मूळनिवासी वनरक्षक कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच थोडं थोडं गवत जाळतात, म्हणजे पुढे मोठे वणवे पेटत नाहीत आणि धूर कमी होतो. त्या कामाचे पैसे एका गॅस कंपनीकडून येत. वणवे कमी झाले हे चांगलंच, पण गॅस काढणाऱ्याने त्या बदल्यात आपला धूर माफ करून घ्यावा हे मला पटत नाही. आणि तिथे सगळं सुरळीत आहे असंही समजू नका. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या लोकांच्या तक्रारीवर सप्टेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने सांगितलं की त्यांना समुद्रापासून वाचवण्यात ऑस्ट्रेलिया कमी पडला. तरी जुलै 2025 मध्ये तिथल्याच कोर्टात बेटवासी सरकारविरुद्धचा दुसरा दावा हरले. त्यांच्या मागण्यांत समुद्राच्या पाण्याला अडवणाऱ्या भिंती होत्या. आम्हाला ही मागणी समजावून सांगावी लागत नाही.

आता आमचा बांध. खाडीतला चिखल फावड्याने कापायचा आणि हातोहात वर चढवायचा, थरावर थर. मधे उघाडी असते, म्हणजे पाणी बाहेर सोडायची झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरती चढली की खाडीचंच पाणी तिला बंद करतं. माझा आजा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्या झडपेचा धप्प आवाज ऐकायचा आणि कूस बदलायचा. आवाज आला नाही तर उठून कंदील घेऊन निघायचा, कारण खेकड्याच्या बिळाएवढं भोक सकाळपर्यंत बैलगाडी जाईल एवढी खांड होतं. खांड पडली की घरटी माणूस बांधावर हजर. या पद्धतीला जोळ म्हणतात. मजुरी नाही, पण न येणाऱ्याला गावात मान वर करता यायची नाही. खारं पाणी एकदा शेतात बसलं की मीठ फुलतं आणि पुढची काही वर्षं भात नीट येत नाही. तग धरतात ते काळा रता, भुरा रता असले आमचे जुने वाण.

1948 चा खारजमीन कायदा आणि मग 1979 चा खारभूमी विकास कायदा आला, तशी बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. हेतू चांगला असेल. पण राखण करणाऱ्याच्या हातून निर्णय गेला तसा जोळही मोडत गेला. काही वर्षांपूर्वी आमच्या बांधाला खांड पडली. आम्ही अर्ज केले, पाहणी झाली, उत्तर यायला दोन पावसाळे गेले. तोवर शेतात तिवरं, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं, उगवली. तिवर वाढलं की ते कांदळवन, आणि 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कांदळवनाला हात लावता येत नाही. माझ्या चुलत्याच्या सात-बारावर भात आहे, शेतात जंगल आहे आणि त्याचे दोन मुलगे आता कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक आहेत.

कांदळवन नको असं मी कधीच म्हणणार नाही. तिवरांच्या मुळांत कोळंबी, खेकडे, बोयरं वाढतात, आणि उधाण आधी त्यांच्यावर आदळतं म्हणून आमचा उरलेला बांध टिकलाय. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हापासून आमच्याकडे तिवराची किंमत सगळ्यांना कळली आहे. पण कुठे जंगल आणि कुठे भात, हे ठरवताना बांध राखणाऱ्यांना कोणी विचारलंच नाही. ज्याच्या घरात एक सायकल आहे त्याने साऱ्या जगाचा धूर शोषायला आपलं शेत जंगलाला द्यायचं आणि त्याबद्दल त्याला एक शब्दही विचारायचा नाही, याला मी अन्याय म्हणतो.

मूळनिवासी कोण, हे कोकणात सरसकट सांगता येत नाही. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली अनुसूचित जमातीत येतात. दर्यावर जाणारे कोळी, गाबीत, भंडारी, आम्ही आगरी येत नाही. सगळ्यात वाईट अवस्था कातकऱ्यांची. हाताने बिळातून खेकडा काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण कितीतरी कातकरवाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखायचा सामूहिक हक्क मिळतो, जमातीत नसलेल्यांनाही, पण त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. समुद्रासाठी मात्र असा कायदाच नाही. लोकांना न विचारता केलेल्या संरक्षणाचं उदाहरण हवं तर 1987 चं मालवण सागरी अभयारण्य पाहा, मच्छीमारांनी त्याला कायम विरोध केला. उलट दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला लोकांनी देवराई म्हणून जपलेली दलदलीतली राई 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. आधी गावाने राखली, शिक्का नंतर आला.

तर तुम्ही काय करावं? झाडं लावायला येऊ नका. दर पावसाळ्यात बसभर लोक येतात, फोटो काढतात आणि रोपं गुरांच्या तोंडी जातात. तुम्हाला नकाशा वाचता येत असेल, संगणकावर काढता येत असेल तर ते कौशल्य द्या. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा असतो आणि त्यात मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामायिक जागा दाखवायच्या असतात. एखाद्या कोळीवाड्यातल्या बायकांबरोबर तो नकाशा घेऊन बसा. बोंबील सुकत घालायच्या वलांडी कुठे, जाळी सुकवायची जागा कुठली, होडी वर ओढायची वाट कुठून, हे त्यांना विचारून मांडा, कारण नकाशावर जे नाही ते उद्या बंदराच्या किंवा रिसॉर्टच्या हद्दीत जातं. आराखड्याची जनसुनावणी लागली की लेखी हरकत टंकून देणारा माणूस आम्हाला लाखाच्या देणगीपेक्षा मोलाचा वाटतो.

वनहक्काच्या दाव्यांतही असंच. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेणं, जुने दाखले शोधणं, हे वेळखाऊ काम आहे, ते शनिवार-रविवारी होतं. आणि कोणी कार्बनचे, म्हणजे झाडांनी हवेतला धूर शोषल्याचे, पैसे देतो म्हणून गावात करारपत्र घेऊन आला तर ते मराठीत करून ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. किती वर्षांचा करार, बांध दुरुस्त करायला हरकत येणार का, पैसे कोणाच्या खात्यात, एवढं कळल्याशिवाय अंगठा उठवू देऊ नका.

पैसेच द्यायचे असतील तर उघाडीच्या झडपेसाठी द्या. लाकूड पाच-सहा वर्षांत सडतं.

आमच्याकडे यायचं असेल तर सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला या. तेव्हा भांगेची भरती असते, पाणी फार चढत नाही, बांधाचं काम करता येतं. ओहोटी लागायच्या आत पोचा आणि चप्पल काढूनच उतरा, चिखल ती ओढून घेतो.