जुन्या शिडाच्या बोटीवरची १२ व्होल्टची वायरिंग स्वतः कशी सुधारावी?

तुमची बोट ३० फुटी, १०० अँपिअर-अवरची एकच लेड-ॲसिड बॅटरी, आणि रात्रभर नांगरावर राहिलं की सकाळी दिवे मंद, फ्रिज बंद. दुसरी बॅटरी घ्यावी की सोलर लावावं, असं विचारलंय.

आत्ता दोन्ही नको. आधी मल्टिमीटर घ्या. फ्रिज चालू असताना एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा फ्रिजच्या प्लसवर धरा. मग तसंच मायनसला. दोन्ही आकड्यांची बेरीज ०.३६ व्होल्टच्या (१२ व्होल्टचे तीन टक्के) वर गेली, तर वीज वाटेतच वाया जातेय. फ्रिजला व्होल्टेज कमी मिळतं आणि बॅटरीत जीव असतानाच कॉम्प्रेसर बंद होतो.

कारणं बहुधा दोनच : वायर बारीक किंवा सांधा खराब. फ्रिज ५ अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून ६ मीटरवर आहे असं धरा. वायर जाऊन-येऊन १२ मीटर. परतीची लांबी लोक हमखास विसरतात. दीड स्क्वेअर एमएमला ०.७ व्होल्ट पडतात, अडीचला ०.४२, चारला ०.२६. म्हणून चारची घाला, तीही टिन चढवलेली, बारीक तारांची. घरगुती वायरचं उघडं तांबं खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आतपर्यंत काळं पडत जातं.

टोकांना टिन केलेले थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे), रॅचेटच्या क्रिंपरने (थिंबल दाबायच्या हत्याराने) दाबलेले, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी). पक्कड वापरू नका. नुसत्या सोल्डरवरही भिस्त नको : सोल्डर संपतं तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या कंपनाने नेमकी तिथेच तुटते. दाबल्यावर थिंबल जोरात ओढून पाहा.

फ्यूज मुळात उपकरणासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. त्यामुळे तो बॅटरीच्या प्लसपासून सात इंचांच्या आत हवा (स्टार्टरची जाड केबल वेगळी). बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) मेन स्विच बंद असतानाही चालला पाहिजे; त्याला थेट बॅटरीवरून स्वतंत्र लाइन द्या आणि पंपावर फ्यूजसाठी लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज. इथे फ्यूज मोटरही वाचवतो : मोठा घातला आणि पंपात कचरा अडकला, तर मोटर जळेपर्यंत फ्यूज उडत नाही. पंपाचे सांधे पाण्याच्या पातळीच्या वर, उंच बांधा.

नांगराचा दिवा १० वॅटचा असेल तर १२ तासांत १० अँपिअर-अवर खातो. बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे वापरता येणाऱ्या पन्नासातले दहा तिथेच गेले. दोन वॅटच्या एलईडीला दोन पुरतात. मात्र दिवा दोन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. स्वस्त एलईडी व्हीएचएफला (बोटीवरच्या रेडिओला) त्रास देतात : रिकाम्या चॅनलवर स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) जेमतेम शांत होईल इतकाच ठेवा आणि दिवा लावा. खरखर सुरू झाली तर तो एलईडी परत करा. डोलकाठीवरच्या तिरंगी (लाल-हिरव्या-पांढऱ्या) दिव्यात साधा पांढरा एलईडी घालू नका, रंग बदलतात.

काम करताना आधी बॅटरीचा मायनस काढा, हातातली अंगठी-कडं उतरवा. धक्क्यावरच्या २३० व्होल्टच्या लाइनला हात लावू नका, त्याला परवानाधारक वायरमन बोलवा.

एवढं झालं की पुन्हा एक रात्र नांगरावर काढा. सकाळी सगळं बंद करून तासाभराने व्होल्टेज बघा. १२.२ च्या खाली असेल, तर सोलरचा विचार करा.