लिनक्सवर व्हीएस कोड इतका स्लो का चालतो? रॅम वाढवावी का?

तुमच्या प्रश्नातून मी एवढं उचललं: उबुंटू, विंडोजसोबत ड्युअल बूट, ८ जीबी रॅम, रिअ‍ॅक्टचा प्रोजेक्ट, आणि तो ‘दोन्हीकडून उघडता यावा म्हणून डी ड्राइव्हवर ठेवलाय’. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर उघडायला वेळ लागतो, सर्च अडकतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, पंखा सारखा फिरतो. मित्रांचा सल्ला असा की मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा आणि रॅम टाकून घे. पैसे खर्च करण्याआधी तो डी ड्राइव्ह बघू, माझा पहिला संशय तिथेच आहे.

अंधेरीला आमच्या ऑफिसात दर पावसाळ्यात इंटर्न येतात. बरेच जण स्वतःचा लॅपटॉप आणतात, ड्युअल बूट केलेला, आणि कोड हमखास विंडोजच्या पार्टिशनवर. ते पार्टिशन एनटीएफएस असतं, म्हणजे विंडोजच्या फाइल ठेवायच्या पद्धतीचं. उबुंटूवर ते बहुतेक वेळा एनटीएफएस-३जी नावाच्या ड्रायव्हरने माउंट होतं (सिस्टिमला जोडलं जातं), आणि हा ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत नसतो; फ्यूज नावाच्या सोयीमार्फत बाहेर, एखाद्या साध्या प्रोग्रामसारखा चालतो. म्हणजे प्रत्येक छोट्या फाइलसाठी विनंती आधी कर्नलकडे, तिथून त्या प्रोग्रामकडे, मग उलट त्याच वाटेने उत्तर. सिनेमा बघायला किंवा फोटो ठेवायला यानं काही अडत नाही, फाइल एकच आणि मोठी असते. पण तुमच्या नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात (प्रोजेक्टला लागणारी तयार पॅकेजं) हजारोंनी चिमुकल्या फाइली आहेत, आणि एडिटर, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट, कोड तपासणारा टाइपस्क्रिप्टचा सर्व्हर असे सगळे एकाच वेळी त्यांच्यावर तुटून पडतात.

खात्री करणं सोपं आहे. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा.) टर्मिनलमध्ये ‘टॉप’ चालू ठेवा आणि एडिटरमध्ये पूर्ण प्रोजेक्टभर एखादा शब्द शोधा. यादीत ‘माउंट.एनटीएफएस’ अशी ओळ वर येऊन सीपीयू खायला लागली, की चोर सापडला.

२०२१ च्या ५.१५ कर्नलपासून ‘एनटीएफएस३’ हा कर्नलमधलाच ड्रायव्हर आला आहे आणि तो वेगाला बरा आहे. तरीही कोडसाठी मी एनटीएफएस वापरणार नाही. परवानग्यांचा घोळ होतो, काही न बदलताही गिट कधीकधी सगळ्या फाइली बदलल्याचं दाखवतं, आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर एखाद्या दिवशी पार्टिशन नुसतं वाचण्यापुरतंच माउंट होतं. सबमिशनच्या आदल्या रात्री हे झालं की मग बघायला नको.

तेव्हा प्रोजेक्ट उबुंटूच्या होम फोल्डरात आणा. फोल्डर उचलून कॉपी करू नका. जे काही राहिलंय ते कमिट करा, पुश करा, इकडे नव्याने क्लोन करा आणि ‘एनपीएम इन्स्टॉल’ पुन्हा चालवा. काही पॅकेजं त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीच्या बायनरी उतरवतात, त्यामुळे विंडोजवर इन्स्टॉल केलेलं फोल्डर इथे चालेलच असं नाही. हे घरच्या वायफायवर करा, लोकलमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नको. विंडोजमध्येही काम करायचं असेल तर तिकडे वेगळा क्लोन ठेवा, गिट त्यासाठीच आहे.

अक्षर उशिरा उमटणं हे मात्र थोडं निराळं प्रकरण आहे. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर उभा आहे, म्हणजे आत क्रोमियम आणि नोड. तो एक प्रोग्राम दिसत असला तरी प्रत्यक्षात प्रोसेसचं अख्खं बिऱ्हाड असतं: खिडकी रंगवणारी एक, ग्राफिक्सची एक, फाइलींवर नजर ठेवणारी एक, आणि सगळी एक्स्टेन्शनं जिच्यात चालतात तो एक्स्टेन्शन होस्ट. एडिटर उघडा असताना टर्मिनलमध्ये ‘कोड --स्टेटस’ चालवा. कोणती प्रोसेस किती सीपीयू आणि किती मेमरी घेतेय याचा तक्ता येतो, खाली प्रोजेक्टमधल्या फाइलींची मोजणीही येते. हेल्प मेनूतल्या प्रोसेस एक्सप्लोररमध्ये प्रोसेसचे हेच आकडे हलते दिसतात. हा तक्ता न बघता यूट्यूबवरची ‘दहा सेटिंगं बदला’ छाप यादी पाळत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्ता वाचताना एक फरक लक्षात घ्या. एक्स्टेन्शन होस्ट वेगळी प्रोसेस असल्यामुळे तो बिझी झाला तर सजेशन उशिरा येतात, सेव्ह करताना फॉर्मॅटिंग रेंगाळतं, पण अक्षर बहुधा वेळेवर उमटतं. याला ठळक अपवाद विमचं एक्स्टेन्शन (विम या दुसऱ्या एडिटरच्या पद्धतीने टाइप करू देणारं). ते प्रत्येक की स्वतःकडून पुढे पाठवतं, त्यामुळे होस्ट अडकला की टायपिंगही अडकतं. ते नसताना अक्षरच मागे पडत असेल तर संशय खिडकीच्या प्रोसेसवर, ग्राफिक्सवर किंवा स्वॅपवर (रॅम भरली की तिच्या जागी डिस्क वापरणं) घ्या.

होस्टच सीपीयू खात असेल तर आधी ‘कोड --डिसेबल-एक्स्टेन्शन्स’ असा चालवून बघा. फरक जाणवला की कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ शोधा. हे फीचर लोकांना माहीतच नसतं आणि आहे मात्र झकास. ते अर्धी एक्स्टेन्शनं बंद करतं आणि विचारतं, आता ठीक आहे का? तुमच्या उत्तरावरून उरलेल्यांतली पुन्हा अर्धी. ३२ एक्स्टेन्शनं असली तरी पाचेक फेऱ्यांत दोषी नावानिशी समोर येतं. आमच्याकडच्या एका इंटर्नच्या मशीनवर जावास्क्रिप्टचे तीन फॉर्मॅटर होते, प्रत्येक सेव्हला तिघेही धावायचे. शिवाय कंस रंगवणारं जुनं ‘ब्रॅकेट पेअर कलरायझर’ होतं. ती सोय २०२१ पासून एडिटरमध्येच आहे, तरी जुन्या व्हिडिओंमुळे लोक ते अजून टाकतात. तुमच्याकडे असेल तर आजच काढा.

ग्राफिक्ससाठी ‘कोड --डिसेबल-जीपीयू’ असा एकदा चालवा. टायपिंग सुधारलं तर कमांड पॅलेटमधून (तेच, कंट्रोल-शिफ्ट-पी) ‘कॉन्फिगर रनटाइम आर्ग्युमेंट्स’ उघडा आणि हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन कायमचं बंद करा. उलट आणखी मंद झालं तर जीपीयू आपलं काम नीट करतोय, तिथे हात लावू नका. उबुंटूच्या अपडेटनंतर खिडकी काळी किंवा फाटकी दिसायला लागली असेल तर होममधल्या ‘.कॉन्फिग/कोड’ या फोल्डरातलं ‘जीपीयूकॅश’ एडिटर बंद करून उडवा, ते आपोआप पुन्हा तयार होतं.

उघडायला लागणाऱ्या वेळाचं म्हणाल तर ‘स्नॅप लिस्ट’ चालवून बघा. त्यात ‘कोड’ दिसला तर तुम्ही अ‍ॅप सेंटरमधून स्नॅप, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या प्रकारचं पॅकेज, घेतलंय. स्नॅपचं पॅकेज काँप्रेस केलेलं असतं आणि तसंच माउंट होतं, त्यामुळे मशीन चालू केल्यावर पहिल्यांदा उघडताना दम लागतो, हार्ड डिस्क असेल तर जास्तच. त्याऐवजी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं डेब (उबुंटूत चालणारं साधं) पॅकेज टाका. सेटिंगं होम फोल्डरातच राहतात, जात नाहीत.

‘आयनोटिफायची लिमिट ५,२४,२८८ करा’ हा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. आयनोटिफाय म्हणजे फाइल बदलली की प्रोग्रामला कळवणारी लिनक्सची सोय; अशी प्रत्येक नजर म्हणजे एक ‘वॉच’, आणि लिमिट त्यांच्या संख्येवर असते. पूर्वी ती लिमिट ८,१९२ होती आणि मोठ्या प्रोजेक्टला खरंच कमी पडायची. २०२१ च्या ५.११ कर्नलपासून ती रॅमच्या हिशेबाने आपोआप ठरते. आणि प्रत्येक वॉच साधारण १ केबी मेमरी घेतो, म्हणजे ती वाढीव लिमिट पूर्ण वापरली गेली तर अर्धा जीबीच्या वर रॅम गेली. एडिटर स्वतःहून तक्रार करत नसेल तर हे सोडून द्या. त्यापेक्षा बिल्ड, डिस्ट, कव्हरेज असले फोल्डर ‘फाइल्स: वॉचर एक्सक्लूड’मध्ये घाला, आणि सगळ्या प्रोजेक्टांचं बाहेरचं मोठं फोल्डर न उघडता ज्यावर काम चाललंय तेवढंच उघडा.

उबुंटूत वर उजवीकडच्या मेनूत पॉवर मोड ‘पॉवर सेव्हर’वर तर अडकलेला नाही ना, हेही बघून घ्या. आणि मे महिन्यात गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो, त्याला एडिटर काय करणार.

आता रॅम. एडिटर, क्रोमचे तुमचे नेहमीचे टॅब आणि डेव्ह सर्व्हर असं सगळं चालू ठेवून ‘फ्री -एच’ चालवा. ‘फ्री’चा आकडा सोडा, लिनक्स रिकामी रॅम कॅशला वापरतोच, ‘अव्हेलेबल’ बघा. मग ‘व्हीएमस्टॅट १’ लावून मिनिटभर काम करा. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन रकाने शून्यावर किंवा शून्याच्या आसपास राहिले तर रॅम पुरतेय, नवी टाकून या कामात फरक पडणार नाही. ते सतत हलत असतील तर स्वॅप चाललंय आणि मित्रांचं बरोबर आहे. जाण्याआधी ‘सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी’ चालवून स्लॉट किती, रिकामा आहे का, डीडीआर४ की डीडीआर५ हे लिहून घ्या. फॉर्म फॅक्टरसमोर ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर ती रॅम बहुधा बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. अशा वेळी तिच्याशिवाय वेगळा स्लॉटच नसेल तर लॅमिंग्टन रोडची खेप फुकट जाईल.

आधी प्रोजेक्ट हलवा आणि दोन दिवस काम करून बघा. तरीही त्रास राहिला तर ‘कोड --स्टेटस’चं आउटपुट कॉमेंटमध्ये टाका. त्यात तुमचं युजरनेम आणि फोल्डरांची नावं येऊ शकतात, ती आधी खोडा.